बडबडी खोली आणि आमचे मामा

थोरल्या भावाचं लग्न ठरलं तेव्हा डोंबिवलीत खोली बघायला आम्ही तिघं गेलेलो. भाऊ, मी आणि आमच्या कचेरीतले मामा. चाळीच्या मालकाने दार उघडलं आणि सुरू केलं, "बघा, वारा बघा, उजेड बघा, भिंतीला नवा चुना..." मामांनी उंबऱ्याबाहेर वहाणा काढल्या, खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि एक टाळी वाजवली. मग कोपऱ्यात जाऊन एक. मग मोरीत वाकून "ओ!" केलं.

मालक माझ्याकडे बघायला लागला. मी आढ्याकडे.

"हितं नको," मामा म्हणाले.

"का हो? काय वाईट आहे?"

"खोली बडबडी हाय."

"म्हणजे?"

"भिंतीला चुना, खाली फरशी, वर पत्रा. आवाजानं बसावं कुटं? बसाया जागा नाय म्हनून तो हिंडतोय. हितं नवरा-बायको भांडले तर चवथ्या बिऱ्हाडाला पाठ होईल."

भाऊ कानापर्यंत लाल झाला आणि लाजेच्या भरात त्याने तीच खोली घेऊन टाकली. महिनाभरात एक दिवस वहिनी हळूच म्हणाली, "आज काय करू हो, पडवळ की दुधी?" तर भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला, "दुधी कर गं, पडवळ परवाच झालं!"

कचेरीत शिपायाला मामा म्हणायची पद्धत, म्हणून हे मामा. नात्याने कोणाचेच नाहीत. पण मी वीस वर्षांचा नवा उमेदवार कारकून, त्यामुळे पहिल्याच दिवशी त्यांनी मला भाचा करून टाकलं. राहायचे माजिवड्याला. तिथून ठाण्याच्या कोर्टात रोज चालत यायचे. काळे, सडपातळ, अंगात खाकी कोट, छातीवर आडवा लाल पट्टा आणि त्यावर पितळी बिल्ला. बिल्ला असा घासलेला की त्यात बघून मी भांग पाडायचो. वय किती ते त्यांना माहीत नव्हतं आणि सरकारलाही. सरकारने अंदाजाने एक तारीख टाकलेली, ती मामांना मान्य नव्हती.

त्यांचं काम पुकारा करायचं. म्हणजे दावा निघाला की साहेबांसमोर उभं राहून पक्षकाराच्या नावाने ओरडायचं. "अमुक तमुक हाजिर हैऽऽ?" तीनदा. तिसऱ्या पुकाऱ्याला माणूस आला नाही, तर तो गैरहजर. मग तो खरा असो की खोटा, त्याचा दावा गेला. माणसं कुठे असायची? कोर्टाच्या आवारात चिंच होती, तिच्या बुंध्याशी. कोणी भाकरी सोडलेली, कोणी वकिलाची वाट बघतंय, कोणी नुसतंच डुलकी काढतंय. त्या डुलकीपर्यंत नाव पोचवायचं, हे मामांचं कसब.

तुम्ही म्हणाल, यात काय कसब? ओरडायचं फक्त. मीही तेच म्हटलेलं. मामांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं आमची आई बाजारातल्या बुळबुळीत भेंडीकडे बघते.

"वरडतो तो गाढव," ते म्हणाले. "नाव टाकायचं असतं. आदी खोलीला इचारायचं, बाई, तू किती खानार नि किती भाईर सोडनार. मंग तोंड उघडायचं."

त्यांचं सगळं घराणं मिठागरावर राबलेलं. वडील खाडीच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावरच्या माणसाला हाका मारायचे, मध्ये नुसतं सपाट पाणी. मामा म्हणायचे, "मिठागर खोटं बोलत नाय. तू टाकशील तेवढंच जातं. खोली मातर पदरचं घालते. म्हनून मिठागरावर गला लागतो, नि खोलीत अक्कल."

ही अक्कल ते कुठेही चालवायचे. टेंभी नाक्यावर चहाला गेलो की आधी तीन बाकडी बदलायचे. चौथ्यावर टेकून चहाचा भुरका मारायचे आणि मान हलवायचे. "हितं घोट आयकू येतो." देवळात गेले की नमस्काराआधी टाळी. एकदा पुजारी भडकला, "अहो, आरती संपली केव्हाच!" तर मामा म्हणाले, "आरतीची नाय वाजवली. गाभारा कसा हाय बगत व्हतो. झकास हाय. देवाला तुमची कुजबूज बी जात असंल, जपून बोला." पुजारी त्या दिवसापासून मामांना आधी प्रसाद द्यायचा.

माझा एक दोस्त गायचा. स्वतःला मोठा गवई समजायचा. त्याला मी मामांसमोर उभा केला. त्याने एक तान मारली, मामांनी ऐकली आणि विचारलं, "तू न्हानीघरात गातोस ना रोज?"

"हो! तुम्हाला कसं कळलं?"

"निम्मं गानं तितंच राह्यलंय."

दोस्ताने तीन महिने माझ्याशी कट्टी घेतलेली.

आता माझं सांगतो. मला नकला करायचा नाद. शाळेत हेडमास्तरांच्या आवाजात "सुट्टी!" म्हणून मी अख्खी सातवी घरी पाठवलेली, त्याबद्दल छड्या पण खाल्लेल्या. कचेरीत आल्यावर पंधरा दिवसांत माझ्याकडे सगळा स्टाफ तयार होता. मामांचा पुकारा तर फर्स्ट क्लास जमायचा. तो खर्ज, ते नाकातून निघणारं "हैऽऽ", सगळं. एकदा मधल्या सुट्टीत मी तो काढत होतो, सगळे कारकून पोट धरून हसत होते आणि मामा मागे येऊन उभे.

मी घाईघाईने समोरचं दप्तर उघडलं.

"काड, काड," मामा म्हणाले. "बरा काडतोस. पन हा आवाज कोनच्या खोलीतला?"

"म्हणजे?"

"मी कोर्टात पुकारतो तवा कोर्ट बी माज्यासंगं बोलतं. तू नुसता माजा गला काडलास. कोर्ट कुटंय त्यात? हा कुटल्याच खोलीतला आवाज नाय. हवेतला हाय."

मी हसण्यावारी नेलं. पण घरी जाऊन करून बघितलं, तर म्हातारा बरोबर होता. आमचे नाझर दप्तरखान्यात बोलतात तेव्हा त्यांचा आवाज उशीखालून आल्यासारखा येतो आणि जिन्यात बोलतात तेव्हा शेवटचा शब्द त्यांच्याआधी खाली उतरतो. मी ते दोन्ही वेगळे काढायला लागलो. "हे जिन्यातले नाझर, हे दप्तरखान्यातले नाझर!" असं सांगून. लोक खुर्चीवरून पडायचे. अख्ख्या ठाण्यात माणसाबरोबर त्याची खोली पण काढणारा नकलाकार मी एकटा, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. विद्या मात्र मामांची.

नाझर म्हणजे कचेरीचे कारभारी. टापटिपीचे भोक्ते. टेबलावर टाक सुद्धा काटकोनात ठेवणारे. मागच्या बाजूला नवी इमारत झाली आणि कोर्ट तिकडे हलवायचं ठरलं, तेव्हा त्यांना कोण आनंद. जुनं कोर्ट बुटकं, वर लाकडी तक्तपोशी, आणि तिन्ही भिंतींना मांडण्या. मांडण्यांत लाल रुमालात बांधलेली जुन्या दाव्यांची दप्तरं, खालपासून वरपर्यंत. नाझरांनी ती सगळी वेगळ्या खोलीत कोंबून टाकली. नवं कोर्ट कसं? उंच, पांढरंशुभ्र, शहाबादी फरशी, वर पत्रा आणि भिंतींना एक खिळा सुद्धा नाही.

"पाहिलंत? कसं प्रसन्न वाटतं!" नाझर आम्हाला म्हणाले, आणि त्या "प्रसन्न"चा "न" चार वेळा फिरून आला.

मामांनी टाळी वाजवली नाही. त्यांनी नुसतं वर बघितलं आणि डोक्यावरची टोपी नीट केली. मयताला गेल्यावर करतात तशी.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी एक दावा निघाला. खडवलीचा धाकू बाळा नावाचा माणूस. चुलतभावाने विहिरीवर कुंपण घातलेलं, पाणी बंद केलेलं, त्याचा दावा. धाकूचा वकील भिवंडीला दुसऱ्या कामात अडकलेला. पण धाकू स्वतः आला असता तर पुढची तारीख मिळाली असती. मामांनी साहेबांसमोर उभं राहून पुकारा केला, "धाकू बाळा खडवलीकर हाजिर हैऽऽ?"

मी मागच्या बाजूला कागद लावत होतो. मला काय ऐकू आलं सांगू? सगळे "आ" एकमेकांच्या पाठीवर बसले आणि एकत्रच दाराबाहेर गेले. एक घुमारा. त्यात धाकू कुठला, बाळा कुठला, काही नाही. मामांनी दुसरा पुकारा केला, जोर लावून. जोर लावला तर आणखीच चिखल. तिसरा केला. दारात कोणी आलं नाही. चुलतभावाचा वकील उठला, दोन वाक्यं बोलला, आणि साहेबांनी दावा काढून टाकला.

मामा तडक बाहेर गेले, मी मागोमाग. चिंचेखाली एक माणूस धोतराच्या सोग्याने तोंड पुसत बसलेला.

"कोन रं तू?"

"मी धाकू. खडवलीचा. माजं नाव कवा निगंल हो?"

मामा खालीच बसले त्याच्यासमोर. "निगालं. तीनदा पुकारलं. तू आयकलं नाय?"

"आवाज आयकला की! मना वाटलं आत कायतरी पडलं."

त्याला कळायला वेळ लागला. कळल्यावर तो ओरडला नाही, रडला नाही. म्हणाला, "घरात बायकोला सांगून आलो, आज पान्याचं व्हईल." बस.

परत येताना मामा एवढंच बोलले, "भाच्या, इतकी वर्सं पुकारतोय. चिंचंखाली बसलेल्या मानसाचा दावा माज्या तोंडानं कधी पडला नव्हता."

दुसऱ्या दिवशी मामा नाझरांच्या टेबलापुढे. "रावसाहेब, ती जुनी दप्तरं परत भिंतीला लावा."

"कशाला?"

"ती आवाज गिलत व्हती. जुनं कोर्ट त्यांच्यामुलं गप ऱ्हायचं. हे नवं बडबडतंय. मानसाचं नाव आतच कालवून टाकतंय."

"अरे बाबा, हे कोर्ट आहे, भंगारवाल्याचं दुकान नव्हे."

"मंग मना व्हरांड्यात उभं राहून पुकारू द्या."

"नियम असा आहे की पुकारा साहेबांच्या समक्ष व्हायला हवा. ते काही नाही. खरी गोष्ट तू कबूल करत नाहीस. खोली ठणठणीत आहे, आवाज तुझा गेला आहे. वय झालं. मी वर लिहून पाठवतो, तुला निवृत्त करतील, घरी स्वस्थ बस."

आणि मला हाक मारून कच्चा मसुदा दिला. "सुवाच्य अक्षरात उतरवून आण." मी वाचला. सदर शिपायाचा आवाज वार्धक्यामुळे क्षीण झाला असून त्यामुळे न्यायदानाच्या कामात व्यत्यय वगैरे वगैरे. माझं अक्षर कचेरीत एक नंबर. पण त्या कागदाला ते काही केल्या येईना. रोज एक डाग पडायचा. नाझर विचारायचे, "झालं का रे?" मी म्हणायचो, "साहेब, शाई फुटतेय, कागद दमट आहे."

तेवढ्यात मामांनी स्वतःच घोळ घातला.

सोमवारी सकाळी आम्ही आलो तर नव्या कोर्टाच्या मागच्या भिंतीला आडवी दोरी बांधलेली आणि तिच्यावर ओळीने गोणपाटं टांगलेली. पंचवीस-तीस. मामा कोपऱ्यात टाळ्या वाजवत होते आणि त्यांचं तोंड उजळलेलं. "बग भाच्या, बग! आवाज कसा बसला!"

खरंच बसलेला. मी "ओ" केलं तर "ओ" एकदाच आलं. नाझर अजून आलेले नव्हते, ते आले तेव्हा साहेब पाठोपाठच, त्यामुळे त्यांना ओरडता येईना. दातओठ खात बसले. दुपारपर्यंत काम असं सुरळीत चाललं की चिंचेखालची माणसं पहिल्या पुकाऱ्याला येत होती. मग आभाळ भरून आलं आणि हवा ओली झाली.

एक वकील मागच्या भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी एकदम मानेला हात लावला. हात बघितला. मग, का कोण जाणे, बोट चाटलं. "खारट!"

गोणपाटं मिठाची होती. मामांनी भाऊबंदांच्या मिठागरावरून उचलून आणलेली. मिठाची गोणी पावसाळी हवेत पाझरते हे शाळेतल्या पोराला पण ठाऊक. मिठागरवाल्याला ठाऊक नाही होय? पण नंतर मामा मला म्हणाले ते ऐका. "आमच्यात रिकामी गोन म्हंजे रिकामी गोन रं. तिच्यात मीठ ऱ्हातं हे आमाला दिसतच नाय." जन्मभर मिठात राहिलेला माणूसच ही चूक करू शकतो. तोवर तीन वकिलांचे काळे कोट पांढरे झालेले, एका दाव्याच्या कागदावर खाऱ्या पाण्याचा ओघळ आलेला, आणि नाझर इतके खूश झालेले की त्यांनी काटकोन सोडून टाक आडवाच ठेवला.

काम संपल्यावर साहेबांनी सगळ्यांना थांबवलं. साहेब नवीनच बदलून आलेले, कमी बोलायचे, डोळे मिटून ऐकायचे.

"हे तुम्ही लावलंत?"

"व्हय साहेब."

"का?"

मामांनी सांगितलं. धाकूचं पण सांगितलं. नाझर म्हणाले, "साहेब, मूळ कारण निराळं आहे. याचा आवाज राहिलेला नाही. मी तसा अहवाल तयार करतो आहे. खोलीवर ढकलणं ही पळवाट आहे."

"म्हणजे प्रश्न एवढाच," साहेब म्हणाले, "की आवाज बिघडला की खोली."

"साहेब," मामा म्हणाले, "गोनी काडा. मंग ह्या भाच्याला पुकारू द्या. त्याचा गला वीस वर्सांचा हाय, नि माजा आवाज तो हुबेहूब काडतो. सगल्या कचेरीला ठाव हाय."

सगळी कचेरी जमिनीकडे बघायला लागली. साहेबांनी माझ्याकडे मान वळवली. "असं? आणखी कोणाकोणाचे काढता?"

मी म्हटलं, "थोडे थोडे, साहेब."

"नाझरांचा?"

"जिन्यातला की दप्तरखान्यातला?" तोंडातून निघून गेलं. नाझरांचा चेहरा मी इथे लिहू शकत नाही, तो करूनच दाखवावा लागतो.

साहेब हसले नाहीत. पण मिशी हलली. पुढचा प्रश्न ते स्वतःच्या आवाजाबद्दल विचारतील म्हणून मी मनात सगळे देव आठवत होतो. त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "उद्या सकाळी, काम सुरू व्हायच्या आत. मी झाडाखाली बसतो."

"साहेब, खुर्ची मांडून ठेवतो," नाझर म्हणाले.

"पक्षकारांना खुर्ची असते का तिथे?"

दुसऱ्या दिवशी साहेब चिंचेच्या मुळावर बसलेले, हातात कागद-पेन्सिल. भोवती चाळीसेक पक्षकार, कोणाला कळेना हा कोटवाला कोणाचा दावा घेऊन आलाय. नाझरांनी पाच नावं स्वतः निवडून माझ्या हातात दिली, मामांना दाखवली सुद्धा नाहीत. मी मोकळ्या कोर्टात उभा राहिलो. घसा साफ केला. मामांचा खर्ज लावला आणि बेंबीच्या देठापासून पाचही नावं पुकारली. आयुष्यात इतका जोर मी कधी लावला नव्हता. पत्रा थरथरला.

साहेबांचा कागद आला. त्यावर एकच नाव, आणि ते यादीत नव्हतंच.

"हा मुद्दाम कालवतोय," नाझर म्हणाले. "हे दोघे एक आहेत साहेब."

"मग तुम्ही पुकारा," कागदामागोमाग खिडकीशी आलेले साहेब म्हणाले आणि परत चिंचेखाली गेले.

नाझर पुकारा करतात! ते बघायला मिळालं, म्हणून त्या दिवशी रजा टाकली नाही हे मी माझं पुण्य मानतो. त्यांनी चष्मा काढला, उपरणं सावरलं आणि पाच वेगळी नावं शुद्ध, स्पष्ट उच्चारात म्हटली. पंतोजी हजेरी घेतात तशी. बाहेरून कागद आला. कोरा. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं: "सुरुवात केव्हा करताय?"

आता मामा पुढे आले. त्यांनी पुकारा केला नाही. दारात जाऊन पक्षकारांना हाक मारली, "या रं समदे आत. घोंगड्या, छत्र्या, टोपल्या घेऊन या. भिंतीला टेकून ऱ्हावा. बोलू नका." चाळीस माणसं आत आली. तिन्ही भिंतींना दाटीवाटीने उभी राहिली, खांद्यावर घोंगडी, हातात गाठोडं. चिंचेखाली साहेब एकटे उरले.

मामांनी एक टाळी वाजवली. टाळी वाजली आणि तिथेच संपली.

"मानसं म्हंजे गोनीच," मामा माझ्या कानाशी म्हणाले. "फक्त पाजरत नाय."

नाझरांनी तिसरी यादी दिली. मामांनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि सुरुवात केली. मी जवळ होतो म्हणून सांगतो, आवाज मोठा नव्हता. मधेच फाटत पण होता. पण ते एक नाव टाकायचे, थांबायचे, खोलीने ते गिळेपर्यंत वाट बघायचे, मग दुसरं. पाच झाली. मग सहावं, जे यादीत नव्हतं.

"न्यायाधीश साहेब हाजिर हैऽऽ?"

नाझर खुर्चीतून अर्धे उठले. बाहेर पाचोळ्यावर बुटांचा आवाज झाला, मग पायरीवर, मग दारात साहेब उभे. अंगाला चिंचेचा पाला लागलेला.

"हजर आहे," ते म्हणाले आणि कागद नाझरांच्या टेबलावर ठेवला. पाच नावं, पाचही बरोबर.

मग म्हणाले, "दप्तरं परत भिंतींना लावा. आजच. आणि तो अहवाल?"

"अजून उतरवून झाला नाही साहेब," मी म्हटलं. "शाई फुटतेय."

"फुटू द्या."

त्या दिवशी टेंभी नाक्यावर मी मामांना चहा पाजला. म्हटलं, "मामा, जिंकलात!" ते भुरका मारून म्हणाले, "एक सांगतो, कोनाला बोलू नको. आवाज बी गेलाय. गेल्या साली गेला."

"अहो! मग साहेबांना..."

"साहेबांनी इचारलं, आवाज का खोली. मी म्हटलं खोली. ती वाईट हायच. आवाज गेलाय म्हनूनच मना पयलं कलालं ती किती वाईट हाय. दनकट गल्याच्या मानसाला खोली कलत नाय रं. तुला कलली का?"

मला कळली नव्हती. मी आणखी दोन चहा सांगितले.

धाकूने काढून टाकलेला दावा पुन्हा चालवावा म्हणून अर्ज केलेला. मामांनी खडवलीला स्वतः जाऊन त्याला वकिलाकडे आणलेलं. साहेबांनी अर्ज मंजूर केला, तारीख पडली. त्या दिवशी धाकू चिंचेखाली बसलाच नाही. सकाळपासून कोर्टाच्या दारात, दोन्ही हातांनी चौकट धरून उभा. कोणी ढकललं तरी हलेना.

दावा निघाला. मामा साहेबांसमोर उभे राहिले आणि दाराकडे तोंड केलं. धाकू समोर सात-आठ हातांवर.

"धाकू बाळा खडवलीकर हाजिर हैऽऽ?"

"आलोय की!" धाकू म्हणाला. "हा बगा!"

मामांनी त्याच्याकडे बघितलं, पण ते थांबले नाहीत. खोलीने नाव गिळू दिलं आणि दुसरा पुकारा केला. चुलतभावाचा वकील हसला. नाझर म्हणाले, "अरे, तो समोर उभा आहे ना?" साहेबांनी नुसता हात वर केला. असू द्या.

तिसरा पुकारा मामांनी केलाच नाही म्हणा ना. ओसरीवर बसलेल्या घरच्या माणसाला जेवायला बोलवावं, तेवढ्या आवाजात ते म्हणाले, "धाकू बाळा खडवलीकर." मी अगदी मागे, दप्तरांना पाठ लावून उभा होतो. अक्षर न अक्षर मला ऐकू आलं.

"हाय रं बाबा, हाय," धाकू म्हणाला आणि चौकट सोडून आत आला.

मामा साहेबांकडे वळले. "हाजिर हाय, साहेब."